अकरावं प्रकरण

सुमतीमावशी,

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले. गाडीत बोलले, भांडी विसळताना बोलले, कामावर फोन खणखणत असताना बोलले. जे सांगायला हवं तेवढं सोडून बाकी सगळं बोलून झालं. तेव्हा आता तेच आधी सांगून टाकते. तुमचं अकरावं प्रकरण मी वाचलं नव्हतं. वाचलं म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलं. तुम्ही "पूर्ण वाचलंस?" असं विचारलंत, तर "पूर्ण" असंही म्हणाले. तेव्हा तो गठ्ठा आमच्या वॉशिंग मशीनवर धुवायच्या चादरींखाली पडला होता.

नागपूरच्या मुलींच्या शाळेत तुमचा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. गृहपाठ केलेला नसला की पोरीच्या चेहऱ्यावरून कळतं, असं तुम्ही सांगायचात. फोनवर चेहरा दिसत नाही, एवढ्यावर मी निभावून नेलं. पकडले गेले असते तर बरं झालं असतं.

आपली पहिली भेट आठवते? तुमच्या सुनेकडे, रेखाकडे पॉटलक होतं, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा असं. सगळे पुरुष गॅरेजमध्ये बार्बेक्यूभोवती, सगळ्या बायका स्वयंपाकघरात, आणि तुम्ही मधल्या खोलीत सोफ्यावर ताटली घेऊन एकट्या. दर दहा मिनिटांनी कुणीतरी यायचं, "काकू, कम्फर्टेबल आहात ना? काही हवंय का?" विचारायचं आणि उत्तर यायच्या आत निघून जायचं. मीही तेवढंच करणार होते. पण तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत, "तू गाडी चालवतेस?" हो म्हटलं. "मग मला लायब्ररीत नेशील का? एका माणसाचा तपास करायचा आहे." मला वाटलं, असेल कुणी दूरचा नातेवाईक, ह्यूस्टनात हरवलेला. निघाला इंग्लंडचा पंतप्रधान, तोही मरून शंभर वर्षं झालेला!

मग आपले बुधवार सुरू झाले. शुगर लँडच्या त्या उकाड्यात तुम्ही नऊवारी नाही पण कडक स्टार्चची सुती साडी नेसून दारात उभ्या असायचात, हातात कापडी पिशवी. गाडीत बसल्या बसल्या एसीचा झोत माझ्याकडे वळवायचात आणि गोष्ट सुरू करायचात. त्याला आपण नावानं कधी बोलावलंच नाही. तुमच्यासाठी तो "मुख्य प्रधान" होता, म्हणून माझ्यासाठीही. आमची लेक मीरा तुम्हाला "प्राइम मिनिस्टर आजी" म्हणायची.

दहा प्रकरणं मी अशी ऐकली, स्टिअरिंग धरून. परक्या वंशाचा, परक्या नावाचा मुलगा, आजोबा दुसऱ्या देशातून आलेले. विशीत कादंबऱ्या लिहितो, भडक रंगांची वासकिटं घालतो, निवडणुकांत आपटतो. एकदाचा निवडून येतो तर पहिल्याच भाषणात सगळं सभागृह त्याला हसतं, खाली बसावं लागतं. आणि हाच पुढे दोनदा देशाचा मुख्य प्रधान होतो. तुम्ही त्याच्याबद्दल बोलायचात ते थेट भाच्याबद्दल बोलावं तसं. त्याच्या उधळपट्टीवर चिडायचात, त्याच्या वासकिटांना नाकं मुरडायचात. "पद गेलं की बाकीचे आजारी पडतात," तुम्ही एकदा म्हणालात, "हा बापा कादंबरी लिहायला बसला." तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो तुमच्या स्वतःच्या मुलाबद्दल बोलताना मी पाहिला नव्हता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरले.

भांडणं मात्र भरपूर केली. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून आपण अर्धा अर्धा तास भांडायचो. मी म्हणायचे, "मावशी, आपल्या डोक्यावर राणीला सम्राज्ञी करून बसवली ती यानंच ना? आणि तुम्ही त्याची आरती ओवाळताय?" तुम्ही म्हणायचात, "आरती कोण ओवाळून राहिलं? तेही लिहिणार आहे. चांगलं सालपटं काढून लिहिणार आहे. पण नलू, मला एवढंच पाहायचंय की परक्या घरी जाऊन हा माणूस कोपऱ्यात कसा नाही बसला." मला रेखाकडचा तो सोफा दिसला, आणि मी इंजिन बंद केलं.

आणखी एक भांडण होतं. ते मी जिंकले आणि त्याची मला लाज वाटते. मी विचारलं होतं, "हे वाचणार कोण? इथल्या पोरांना मराठी येत नाही, नागपुरात कुणाला या इंग्रजाची पडलेली नाही." तुम्ही बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत बसलात. मग म्हणालात, "तू वाच. मी परीक्षा घेईन." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग तेलाचे भाव कोसळले. आमच्या गल्लीत एकामागून एक घरांवर विक्रीच्या पाट्या लागल्या. माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या ऑफिसात ले-ऑफ, म्हणजे नोकरकपात सुरू झाली, तुमच्या मुलाच्या, अविनाशच्याही. दर शुक्रवारी सगळ्या बायका नवरा टेबल आवरून खोकी घेऊन घरी येतो की काय म्हणून खिडकीशी. मी ठरवलं, आपण नोकरी बघायची. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्टची जागा होती. इंटरव्ह्यू ठरला. मराठी बोलताना मी तलवार, इंग्रजी आलं की मांजर. आदल्या दिवशी तुम्ही फोन केलात आणि मुख्य प्रधानांच्या त्या फसलेल्या भाषणाची गोष्ट मला पहिल्यापासून पुन्हा सांगितलीत. "हसले तर हसू दे. वाक्य पूर्ण करायचं," म्हणालात. मी वाक्यं पूर्ण केली. नोकरी मिळाली. मावशी, आज त्या काउंटरमागे मी सगळ्यांशी ताठ मानेनं बोलते, ते तुमच्यामुळे. आणि त्या नोकरीपायीच आपले बुधवार गेले.

तुम्ही कुरकुर केली नाहीत. "मग आता तुला लिहूनच द्यावं लागेल," एवढंच म्हणालात. आणि एका रविवारी अकरावं प्रकरण आणून माझ्या हातात दिलंत. अविनाशच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या रद्दीच्या मागच्या बाजूला तुम्ही लिहायचात, हे मला माहीत होतं. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला तो सलग कागद, घड्यांवर घड्या. एका अंगाला आकड्यांच्या रांगा आणि दुसऱ्या अंगाला तुमचं ते मुलींना कित्ता द्यावा तसं अक्षर. "सावकाश वाच, पण वाच," म्हणालात. तुम्ही बारीक झाला होतात. मी म्हटलंसुद्धा, "डाएट का, मावशी?" आणि स्वतःच हसले. मला आठवतंय, तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

पुढच्या रविवारी तुमचा फोन.

"वाचलंस?"

"हो मावशी, वाचलं. छान झालंय."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं." मग थोडं थांबून, "म्हणजे कळलं सगळं?"

"सगळं कळलं."

"बरं झालं गं बाई," म्हणालात तुम्ही. तुमच्या आवाजात केवढी सुटका होती! मला वाटलं, लेखिकेला कौतुक आवडलं. दिवसभर मी स्वतःवर खूश होते, म्हातारीला बरं वाटलं म्हणून.

तुम्ही गेल्यानंतर तेराव्या दिवशी अविनाशनं सगळ्यांना घरी बोलावलं. मला म्हणाला, "नलिनी, तू आईच्या पुस्तकाबद्दल दोन शब्द बोल. ती तुझ्याशीच त्यावर बोलायची." मी हो म्हटलं. मग सकाळी तो गठ्ठा शोधला. एखादं बरंसं वाक्य उचलावं आणि वाचून दाखवावं, म्हणजे पुन्हा एकदा वाचल्याचं सोंग. घड्या अजून कडक होत्या. त्यांना कुणी हात लावला नव्हता हे कुणीही सांगितलं असतं.

प्रकरण मुख्य प्रधानांच्या बायकोचं होतं. नवऱ्याहून बारा वर्षांनी मोठी, बडबडी, त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारी. एका मोठ्या भाषणासाठी ती त्याला सभागृहापर्यंत पोचवायला निघते. घोडागाडीचं दार लावताना तिचा हात त्यात चेंगरतो. ती तोंडातून अवाक्षर काढत नाही, भाषणापूर्वी त्याचं चित्त विचलित होऊ नये म्हणून. तो उतरून आत जाईपर्यंत तशीच हसत बसते. तुम्ही खाली लिहिलं होतं की या गोष्टीचे लोक गोडवे गातात, खरी-खोटी देव जाणे, पण मला या बाईचा राग येतो. हात चेंगरला तर माणसानं ओरडावं. आणि त्याच्याखाली, त्याच शाईनं, त्याच वळणात:

"नलू, इथवर आलीस? मग आता प्रकरण बाजूला ठेव. माझ्या पोटात दुखतंय. दोन महिने झाले, अन्न जात नाही. पुढच्या रविवारी मी फोन करीन, त्यानंतरच्या बुधवारी दुपारची सुट्टी काढ आणि मला लायब्ररीत म्हणून डॉक्टरकडे ने. अव्याच्या ऑफिसातली कपातीची यादी लागेपर्यंत त्याला सांगायचं नाही, तो आधीच अर्धा झालाय. रेखालाही नाही. फोन स्वयंपाकघरात आहे, मला फोनवर हे बोलता येणार नाही. मी विचारीन तेव्हा तू नुसतं 'वाचलं' म्हण, मी समजेन. बारा वाजता तयार राहते."

मावशी, मी ते उभ्यानं वाचलं आणि खाली फरशीवर बसले. सुहास धावत आला. त्याला मी कागद दाखवला नाही. बरं वाटत नाही म्हणाले. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे तुम्हाला आता माहीतच आहे.

संध्याकाळी तुमच्या घरी गेले. दोन शब्द काही बोलले नाही. रडले, आणि लोकांनी ते समजून घेतलं. रेखा माझ्याशेजारी येऊन बसली. ती वाईट नाही हो मावशी, तीही रडत होती. म्हणाली, "आईंचं ना शेवटी शेवटी थोडं कन्फ्यूजन व्हायचं गं. एका बुधवारी मी हाफ डे घेऊन आले, तर ह्या साडी बदलून, पर्स घेऊन दाराजवळ खुर्चीवर बसलेल्या. म्हणे, नलू येणार आहे. चार वाजेपर्यंत उठल्या नाहीत. मी म्हटलं, आई, शी इज ॲट वर्क! तर म्हणाल्या, हो का, मग माझंच चुकलं."

मग माझंच चुकलं. हे तुम्ही म्हणालात.

त्या चार तासांत तुम्हाला काय वाटलं? नलूनं वाचलं, तिला कळलं आणि तरी ती आली नाही, असं? की तासाभरात बाईंच्या लक्षात आलं की पोरीनं गृहपाठ केलेलाच नाही? मी रोज यातलं एक उत्तर धरते आणि दुसऱ्या दिवशी ते सुटतं. दुसरं खरं असेल तर मी आळशी आणि खोटारडी आहे. पहिलं खरं असेल तर मी काय आहे ते मला लिहवत नाही. आणि मला तुमचाही राग येतो मावशी, येतो म्हणजे येतोच. एक फोन करायचात ना! त्या इंग्रज बाईवर एवढं तोंडसुख घेतलंत आणि स्वतः काय केलंत? सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही, हा तुमचा वर्गातला नियम. मी काय सातवी ब होते? ओरडायचंत. शिव्या द्यायच्यात. रेखासमोर फोन आपटायचात.

पुढच्या महिन्यात तुम्ही बाथरूममध्ये पडलात तेव्हा अविनाशनं दवाखान्यात नेलं आणि सगळं कळलं. मग तीनच आठवडे. लवकर नेलं असतं तर काय झालं असतं हे कुणा डॉक्टरला विचारायची माझ्यात हिंमत नाही. दवाखान्यात मी दोनदा आले. तुम्ही पुस्तकाचं नाव काढलं नाहीत. माझ्या मीराचं कसं चाललंय विचारलंत. जाताना माझा हात धरून ठेवलात, आणि मला वाटलं, प्रेमानं. अजूनही मी तसंच वाटून घेते.

त्या तेराव्याला अविनाश मला दारापर्यंत सोडायला आला होता. म्हणाला, "एकच गोष्ट बरी आहे यार. तिनं कुणालाच सांगितलं नाही. म्हणजे मला एकट्यालाच डावललं असं नाही ना." मी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले. तो कागद माझ्या पर्समध्ये होता.

पाच दिवस मी तो कागद घेऊन फिरले. तो जाळावा असंही वाटलं, खोटं कशाला सांगू. अविनाशला त्या एका समजुतीवर झोप लागत होती. ती काढून घ्यायचा मला काय अधिकार? पण मग लक्षात आलं की मी त्याची झोप जपत नव्हते, माझी अब्रू जपत होते. काल बुधवार होता. दुपारची सुट्टी काढली. अविनाशची नोकरी त्या यादीतून वाचली होती, पण तुम्ही गेल्यापासून तो कामावर गेलेला नाही. घरी एकटाच होता. तुमच्या खोलीत, तुमच्या टेबलाशी बसलो. मी काहीही प्रस्तावना न करता कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, "हे मला तीन महिन्यांपूर्वी दिलं होतं. मी वाचलं नाही. वाचलं म्हणून सांगितलं."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मी वाट बघत होते की आता तो माझ्यावर ओरडेल. मला ते हवं होतं, मावशी.

तो म्हणाला, "तुला सांगितलं तिनं."

"अविनाश, तुझ्या नोकरीपायी, तुला त्रास नको म्हणून..."

"आय नो. मला कळतंय. मला दिसतही होतं ती जेवत नाही ते. टेबलावर रोज समोर बसायची. विचारलं असतं तर नोकरीचं सांभाळू की हिचं, म्हणून विचारलं नाही." मग त्यानं तुमच्या कपाटाचा खालचा खण उघडला आणि एक भलामोठा गठ्ठा बाहेर काढला. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या. पहिली दहा प्रकरणं. "गेल्या वर्षी माझ्या हातात दिली होती. सवडीनं वाच म्हणाली. मीच परत इथे ठेवली. तिनं बघितलं ठेवताना." घड्या माझ्या गठ्ठ्यासारख्याच कडक होत्या.

मग तो म्हणाला, "माझ्यासाठीपण असेल ना काही ह्यात?"

त्यानं पहिली घडी उघडली.

मावशी, त्यानं काल अख्खी दुपार बसून वाचलं. शब्द न् शब्द, समास, खाडाखोड, कडेची भोकंसुद्धा. आजोबा देश सोडून येतात ते, वासकिटं, निवडणुका, ते हसलेलं सभागृह. मध्ये मध्ये मान वर न करता विचारायचा, "हे तुला गाडीत सांगितलं होतं तिनं?" मी हो म्हणायचे. त्याची मुलं शाळेतून आली, रेखा आली, तिनं चहा ठेवला तो गार झाला. दहाव्या प्रकरणाची शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यानं कागद उलटा केला आणि आपल्याच ऑफिसच्या आकड्यांच्या रांगांमधून तो बोट फिरवत तुमचं अक्षर शोधू लागला.

त्याच्यासाठीही एक ओळ लिहायची होतीत हो, मावशी.